साउथपोर्टची पुळण आणि जिंजर मॅकेनचा घोडा

पुळणवाट | शनिवार, रात्री ९:४०

आमच्या हर्णैला समुद्र दिवसातून दोनदा दाराशी येऊन जातो. इंग्लंडात साउथपोर्टला राहायला आले तेव्हा पहिल्या दिवशी किनाऱ्यावर गेले आणि गोंधळूनच गेले. ओहोटी होती. समोर नुसती ओली पुळण, नजर पोचेल तिथवर, आणि पाणी कुठेच नाही. इथला समुद्र इतका आत जातो. आता अकरा वर्षं झाली, जमेल तेव्हा संध्याकाळी त्या पुळणीवर चालते. याच वाळूवर एका माणसाने एक लंगडा घोडा उभा केला आणि त्या घोड्याने ग्रँड नॅशनल तीनदा जिंकली. इथे शाळेतल्या मुलांनाही ही गोष्ट ठाऊक असते. मराठीत मला ती नीट सांगितलेली सापडली नाही, म्हणून हा धागा.

ग्रँड नॅशनल म्हणजे लिव्हरपूलजवळच्या एंट्री (Aintree) या मैदानावरची, आता एप्रिलमधे होणारी घोड्यांची शर्यत. आपल्या महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटरची असते, तीही सपाटीवर. ही त्या काळी सव्वासात किलोमीटरच्या आसपास होती, आणि वाटेत ३० अडथळे. मैदानाला दोन फेऱ्या, पाठीवर जॉकी आणि शिशाचं वजन (घोडा जितका चांगला, तितकं वजन जास्त), आणि शेवटचा अडथळा ओलांडल्यावर पुन्हा साडेचारशे मीटरची सरळ धाव. बहुतेक घोडे तिथेच गळाठतात.

ट्रेनरचं नाव डोनाल्ड मॅकेन. केस तांबडे, म्हणून सगळे जिंजर म्हणत. जन्म १९३०, साउथपोर्टचाच. पोटापाण्यासाठी टॅक्सी चालवायचा आणि जुन्या गाड्या विकायचा. बर्कडेल भागात अपर ऑटन रोडवर त्याचं गाड्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे तबेला. बड्या ट्रेनरांकडे मैलोन्‌मैल हिरवळ असते, खासगी सरावाच्या वाटा असतात. याच्याकडे दुकानामागचं अंगण होतं. घोडे रस्त्यावरून, गाड्यांच्या रहदारीतून, रेल्वेचं फाटक ओलांडून समुद्रावर न्यायचे आणि ओहोटी बघून वाळूवर पळवायचे. १९५३ साली परवाना काढला, आणि त्याचा पहिला घोडा जिंकला १९६५ साली. मधली बारा वर्षं मला फार मोठी वाटतात. बारा वर्षं रोज पहाटे उठायचं, घोडे वाळूवर न्यायचे, दिवसा गाड्या विकायच्या, रात्री टॅक्सी, आणि हाती काही नाही.

या टॅक्सीतच त्याला मालक भेटला. नोएल ल मेअर हे वृद्ध उद्योजक शनिवारी रात्री साउथपोर्टच्या प्रिन्स ऑफ वेल्स हॉटेलात जेवायला जात आणि त्यांना नेण्या-आणण्याचं काम मॅकेनकडे होतं. म्हाताऱ्याला घोड्यांचं वेड. आयुष्यात तीनच इच्छा होत्या असं ते सांगत: सुंदर मुलीशी लग्न, लक्षाधीश होणं आणि ग्रँड नॅशनल जिंकणं. पहिल्या दोन पुऱ्या झाल्या होत्या. ऑगस्ट १९७२ मध्ये मॅकेनने डॉनकास्टरच्या लिलावात त्यांच्यासाठी ६,००० गिनींना (गिनी म्हणजे घोड्यांच्या लिलावात चालणारं जुनं इंग्रजी चलन) सात वर्षांचा एक घोडा घेतला. नाव रेड रम. आई मॅरेड, बाप कोरम, दोघांच्या नावांची इंग्रजीतली शेवटची तीन-तीन अक्षरं जोडून ठेवलेलं.

तोवर हा घोडा कितीतरी हातांतून गेला होता. आयर्लंडमधे जन्म, वर्षाचा असताना ४०० गिनींना विक्री, लहान अंतराच्या सपाट शर्यतींत वापर. मग उड्यांच्या शर्यती आणि एकाच तबेल्यात एकामागून एक तीन ट्रेनर. याच्या पुढच्या पायाच्या खुरात हाडाचं दुखणं होतं, पेडल ऑस्टायटिस. आधीच्या तबेल्यात ते माहीत होतं. मॅकेनला माहीत नव्हतं. त्याने घोडा आणला, वाळूवर पहिल्यांदा दुडक्या चालीने चालवला, आणि घोडा लंगडला.

हा क्षण मला या सगळ्या गोष्टीत सर्वात महत्त्वाचा वाटतो, १९७३ च्या शर्यतीपेक्षाही. म्हाताऱ्या माणसाचे ६,००० गिनी खर्च करून आणलेला घोडा लंगडा निघाला. दुसरा कोणी परत तबेल्यात घेऊन गेला असता, डॉक्टर बोलावला असता, मालकाला फोन केला असता. मॅकेन लहानपणापासून या किनाऱ्यावर गाड्या ओढणारे घोडे बघत आला होता, आणि दुखऱ्या पायांचे घोडे समुद्राच्या पाण्यात बरे होतात हे त्याने पाहिलं होतं. त्याने घोड्यावरच्या पोराला सांगितलं, पाण्यात ने. बराच वेळ घोडा पाण्यातून चालवला. बाहेर आला तो सरळ पाय टाकत. त्यानंतर मॅकेनकडून धावलेल्या पहिल्या सलग पाच शर्यती तो जिंकला.

मग ३१ मार्च १९७३. ऑस्ट्रेलियातून आलेला क्रिस्प नावाचा धिप्पाड घोडा पहिल्या फेरीतच सुटला. शेवटचा अडथळा ओलांडताना तो जवळजवळ पंधरा लांब्या (एक लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी) पुढे होता. मागून ब्रायन फ्लेचर रेड रमला घेऊन येत होता. त्या शेवटच्या सरळ धावेत क्रिस्पचे पाय जड झाले, तो डावीकडे भरकटला, आणि अगदी खांबापाशी रेड रम पाऊण लांबीने पुढे गेला. वेळ ९ मिनिटं १.९ सेकंद. १९३४ पासूनचा विक्रम जवळजवळ १९ सेकंदांनी मोडला. ल मेअर तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात होते.

१९७४ ला त्याच घोड्यावर सर्वाधिक म्हणजे ७६ किलो वजन, तरीही सात लांब्यांनी विजय. लागोपाठ दोन वर्षं जिंकण्याची गोष्ट १९३५–३६ नंतर पहिल्यांदाच घडली. त्यानंतर काही आठवड्यांनीच स्कॉटिश ग्रँड नॅशनलही. १९७५ आणि १९७६ ला दुसरा. १९७७ ला घोडा बारा वर्षांचा, लोक म्हणाले आता याला विश्रांती द्या, आणि तो २५ लांब्यांनी जिंकला. पाच ग्रँड नॅशनल, १५० अडथळे, एकदाही पडला नाही.

याला इथे परीकथा म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. परीकथेत कांडी फिरते. इथे एका माणसाला वाळू आणि पाणी माहीत होतं, आणि जे माहीत होतं त्यावर तो पाच वर्षं ठाम राहिला. हिरवळीच्या वाटा परवडत नाहीत म्हणून तो वाळूवर आला, हे खरं. पण घोड्याला तीच वाळू हवी होती, हे त्याने ओळखलं. तुम्हाला काय वाटतं?


परळचा_पशुवैद्य | शनिवार, रात्री ११:०५

ताई, उत्तम धागा. मी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकलो, आता निवृत्त आहे. खुराबद्दल थोडं लिहितो, म्हणजे मॅकेनने काय केलं ते उलगडेल.

घोड्याचं खूर म्हणजे शिंगासारख्या कठीण पदार्थाची बंद डबी. त्या डबीत जे शेवटचं हाड असतं त्याला पेडल बोन म्हणतात. आपल्या बोटाला सूज आली तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. खुराच्या डबीत जागाच नाही. त्यामुळे आत थोडी सूज आली तरी वेदना भयंकर. आणि हे दुखणं येतं ते बहुधा कडक जमिनीवर वारंवार आदळून. घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, हेही लक्षात घ्या.

आता वाळू. ओली वाळू पाय पडला की थोडी सरकते, दबते, धक्का पोटात घेते. मॅकेन ट्रॅक्टरला कुळवासारखं अवजार बांधून पळवण्याची पट्टी आधी मोकळी करून घेत असे, हे मी वाचलं आहे. म्हणजे कुठे खड्डा नाही, कुठे दगडासारखा टणक भाग नाही. आणि वर थंड समुद्राचं पाणी, ते सूज उतरवतं. आज मोठ्या तबेल्यांत बर्फाचे बूट असतात, पाण्यात चालणाऱ्या ट्रेडमिल असतात. काम तेच करतात.

पण एक सांगतो. हाडातलं हे दुखणं पाण्याने बरं होत नाही. ते आटोक्यात राहतं, रोज काळजी घेतली तरच. एका दिवसाच्या पाण्याची ही किमया नाही, पाच वर्षांच्या रोजच्या पाण्याची आहे. तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी म्हणून मी पूर्ण सहमत.


कडेपठार | रविवार, सकाळी ७:२०

लेख आवडला, पण एक बाजू राहिली असं वाटतं. १९७३ ला क्रिस्पवर १२ स्टोन वजन होतं, म्हणजे ७६ किलो. रेड रमवर १० स्टोन ५ पौंड, साधारण ६६ किलो. २३ पौंडांचा फरक. सव्वासात किलोमीटर दहा किलो जास्त वाहून तो घोडा पाऊण लांबीने हरला. त्याने स्वतः जुना विक्रम मोडलाच होता. मी ती शर्यत यूट्यूबवर अनेकदा पाहिली आहे आणि दरवेळी क्रिस्पसाठी जीव तुटतो. त्याचा जॉकी रिचर्ड पिटमन याने पुढे उघडपणे कबूल केलं की शेवटच्या वळणाआधी उजव्या हाताने चाबूक मारला ती आपली चूक होती, घोडा त्यामुळेच डावीकडे गेला. म्हणजे वजन समान असतं, किंवा तो एक चाबूक नसता, तर आज आपण मॅकेनचं नाव घेत असतो का?


पुळणवाट | रविवार, सकाळी ८:५०

@कडेपठार, क्रिस्पबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. त्याचं शेवटचं चालणं मलाही बघवत नाही. त्या दिवशी मैदानावरचा श्रेष्ठ घोडा क्रिस्पच होता, हे मी मान्य करते.

पण म्हणूनच १९७४ बघा. त्या वर्षी ७६ किलो रेड रमवर होते. क्रिस्पला ज्या वजनाने हरवलं तेच वजन घेऊन तो जिंकला, आणि मागे राहिलेला लेस्कार्गो काही साधा घोडा नव्हता, चेल्टनहॅमचा गोल्ड कप दोनदा जिंकलेला होता. पुढच्या वर्षी पावसाने जमीन भिजलेली, रेड रमला चिखल आवडत नसे, तेव्हा त्याच लेस्कार्गोने त्याला १५ लांब्यांनी हरवलं. १९७३ एकटंच असतं तर नशीब म्हणता आलं असतं. पाच वर्षांत तीन पहिले आणि दोन दुसरे नंबर, याला मी नशीब म्हणणार नाही.


शाईची_दौत | रविवार, सकाळी १०:३०

पिटमन हे नाव निघालं म्हणून. १९७३ ला हरलेल्या रिचर्ड पिटमनची पत्नी जेनी पिटमन. पुढे दोघं वेगळे झाले, तिने एकटीने तबेला चालवला, आणि १९८३ साली कॉर्बिएर या घोड्याबरोबर ग्रँड नॅशनल जिंकणारी ती पहिली स्त्री ट्रेनर ठरली. १९९५ ला रॉयल अॅथलीटबरोबर पुन्हा. मधे १९९३ ला तिचा एशा नेस पहिला आला, पण सुरुवातीचा गोंधळ होऊन ती शर्यतच रद्द ठरवली गेली.

मॅकेनबद्दल मला आदर आहे, पण हेही लिहिलं पाहिजे की बायका जॉकी म्हणून नॅशनल जिंकूच शकत नाहीत असं तो जाहीरपणे बोलत असे. २००५ ला कॅरी फोर्ड उतरली तेव्हाही बोलला. ती पाचवी आली. आणि २०२१ ला रेचल ब्लॅकमोर मिनेला टाइम्सवर बसून जिंकली. मॅकेन तोवर हयात नव्हता. ज्याला घोड्याच्या खुरातलं दुखणं दिसलं त्याला हे दिसलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.


पुळणवाट | रविवार, सकाळी १०:५५

@शाईची_दौत, हे लिहायला हवं होतं, मी टाळलं. आभार. त्याची बायको बेरिल तबेल्याच्या कामात सुरुवातीपासून त्याच्याबरोबर होती, म्हणून ते बोलणं मला अधिकच टोचतं.


यारा_काठ | रविवार, दुपारी १:१५ 

मेलबर्नहून. क्रिस्प आमच्याकडचा, हे वाचून इकडचे मित्र खूश होतील.

लांब अंतर आणि ट्रेनर म्हटलं की इकडे एकच नाव, बार्ट कमिंग्ज. मेलबर्न कप ३२०० मीटरचा, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, त्या दिवशी शहराला सुट्टी असते. कमिंग्जने तो १२ वेळा जिंकला, १९६५ ला लाइट फिंगर्सपासून २००८ ला व्ह्यूडपर्यंत. त्रेचाळीस वर्षांचा पल्ला. तरुणपणी डॉक्टरांनी सांगितलं होतं की घोडे आणि गवत, दोन्हींची याला अॅलर्जी आहे, दूर राहा. तो राहिला नाही. रेड रमने तिसरी नॅशनल जिंकली त्याच १९७७ ला कमिंग्जचा गोल्ड अँड ब्लॅक इथे जिंकला.

दोघांत फरक असा की कमिंग्जचे बारा विजय अकरा घोड्यांचे, फक्त थिंक बिग दोनदा. त्याच्याकडे उत्तम घोडे येत गेले. मॅकेनकडे एकच आला. एकच घोडा पाच वर्षं त्या ताकदीला टिकवणं जास्त अवघड की दरवेळी नवा घोडा घडवणं, हे मला ठरवता येत नाही. मन मात्र मॅकेनकडे झुकतं.


कॅम्पातला | रविवार, संध्याकाळी ६:४५

मी सहसा नुसता वाचक असतो. हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. एकतीस वर्षं. पावसाळ्यात पुण्याचा सीझन, थंडीत घोडे मुंबईला महालक्ष्मीवर, आणि घोड्यांबरोबर बाबाही. वर्षातले कित्येक महिने ते घरी नसायचे. पहाटे साडेतीनला उठून घोड्याला हात फिरवायचे. आधी पाय, मग बाकी अंग. आम्हाला सांगायचे, घोडा तोंडाने बोलत नाही, पायाने बोलतो. गुडघ्याखाली बोटं फिरवताना कुठे गरम लागलं की त्या दिवशी पळवायचा नाही, मग ट्रेनर साहेब काही म्हणोत. त्यावरून बोलणी खाल्लेलीही मला आठवतात.

रेस झाली की पेपरात ट्रेनरचं नाव, जॉकीचं नाव, मालकाचं नाव. मोतद्दाराचं कधी आलं नाही. बाबांनी कधी तक्रार केली नाही. पण ज्या घोड्याने मोठी रेस जिंकली त्याच्या नालेचा एक तुकडा त्यांनी अजून कपाटात ठेवला आहे.

म्हणून ताई, एकच विचारतो. रेड रमला रोज पाण्यात नेणारं माणूस कोण होतं?


पुळणवाट | रविवार, रात्री ८:०५

@कॅम्पातला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बाबांना माझा नमस्कार सांगा.

रेड रमची देखभाल करणाऱ्यांत बिली एलिसनचं नाव इथे अजूनही घेतात. विजयानंतर घोड्याला धरून आणताना तो जुन्या चित्रफितींत दिसतो. आणि मॅकेनबद्दल हे सांगावंसं वाटतं की तोही अंगणात राबणारा माणूस होता. दुकानामागचा तबेला केवढा असणार? ट्रेनर आणि घोडा यांच्यात तिथे फारसं अंतरच नव्हतं. घोड्याच्या पायावरून हात फिरवणारा आणि शर्यतीचा निर्णय घेणारा, दोघं एकाच अंगणात. मोठ्या तबेल्यांत ही दोन माणसं एकमेकांपासून फार लांब असतात, आणि तुमच्या बाबांना बोलणी खावी लागली ती त्यामुळेच, असं मला वाटतं.

फ्लेचरचंही असंच झालं. १९७५ च्या सुमारास तो वार्ताहरांना म्हणाला की घोडा आता पूर्वीसारखा राहिला नाही. मॅकेनने त्याला उतरवून टॉमी स्टॅकला बसवलं. फ्लेचरने दोन नॅशनल जिंकून दिल्या होत्या, त्याच्यावर अन्याय झाला असं अनेकांना वाटलं, मलाही थोडं वाटतं. पण मॅकेन रोज सकाळी घोड्याचे पाय बघत होता, फ्लेचर बघत नव्हता. १९७७ ला स्टॅकच जिंकला.


माणदेशी_वारा | रविवार, रात्री ९:३०

आमच्याकडे घोडे नाहीत, बैल आहेत. बैलगाडा शर्यतीवर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, २०२३ ला घटनापीठाने नवे कायदे मान्य केले. या सगळ्या वर्षांत गावात दोन तट पडलेले मी पाहिले. एक म्हणायचा, बैल आमचं लेकरू आहे. दुसरा म्हणायचा, लेकराला कोणी असं पळवतं का?

म्हणून विचारतो, आणि चिडून विचारत नाही. ३० अडथळे, चाळीस घोडे, पडापडी. या शर्यतीत घोडे मरतात ना? मग एका घोड्याच्या काळजीची ही गोष्ट आपण त्यापासून वेगळी कशी काढायची?


पुळणवाट | रविवार, रात्री १०:२०

@माणदेशी_वारा, वेगळी काढता येत नाही. मरतात. २०१२ ला दोन घोडे गेले, त्यातला सिंक्रोनाइज्ड त्याच वर्षीचा गोल्ड कप विजेता होता. त्यानंतर अडथळ्यांच्या आतल्या लाकडी खांबांच्या जागी वाकणारं प्लास्टिक आलं. २०२४ पासून घोडे चाळीसऐवजी ३४ केले. बीचर्स ब्रुक नावाचा जो कुप्रसिद्ध अडथळा आहे, तिथे उडी घेतो त्यापेक्षा उतरण्याची बाजू खाली आहे. पूर्वी ती आजच्यापेक्षा बरीच खोल होती. रेड रमने त्या जुन्या बीचर्सवरून दहा उड्या घेतल्या.

मी स्वतः एकदाच एंट्रीला शर्यत बघायला गेले. घोडे बीचर्सकडे निघाले तेव्हा डोळे मिटून घेतले. पुन्हा गेले नाही. रेड रमच्या समाधीवर मात्र जाते. १८ ऑक्टोबर १९९५ ला, तिसाव्या वर्षी तो गेला, आणि त्याला तिथेच विजयाच्या खांबापाशी पुरलं आहे.


परळचा_पशुवैद्य | सोमवार, सकाळी ६:५०

@माणदेशी_वारा यांचा प्रश्न मोलाचा आहे. नोकरीत मला दोन्ही पाहायला मिळाले, जिवापाड जपणारे आणि वेदनेवर इंजेक्शन मारून पळवणारे. १९७८ ची गोष्ट सांगतो. रेड रम सहाव्यांदा उतरणार होता, सगळ्या देशाचं लक्ष होतं. आदल्या दिवशी तपासणीत पायात केसाएवढी चीर निघाली. मॅकेनने त्याला काढून घेतलं आणि घोडा निवृत्त झाला. तो पाय जरासा दुखतोय म्हणून दुर्लक्ष करून उतरवला असता, तर बीचर्सला काय झालं असतं ते मला डोळ्यांसमोर दिसतं. तेरा वर्षांच्या घोड्याला पुढे आणखी सतरा वर्षं मिळाली.


कडेपठार | सोमवार, सकाळी ९:१०

१९७८ चं मला माहीत नव्हतं. माझं मत थोडं बदललं हे मान्य करतो. क्रिस्पसाठी मात्र तितकंच वाईट वाटत राहणार.

पुढे मॅकेनचं काय झालं? एकाच घोड्यावर थांबला का?


पुळणवाट | सोमवार, दुपारी १२:३०

लोक तसंच म्हणायचे, एका घोड्याचा ट्रेनर. १९९० ला तो साउथपोर्ट सोडून चेशरमधे चमलीला (Cholmondeley) गेला. तिथे हिरवळ होती, वाळू नव्हती. बरीच वर्षं मोठं यश नाही. मग २००४ ला, रेड रमच्या तिसऱ्या विजयानंतर सत्तावीस वर्षांनी, अँबरली हाऊस नावाच्या लहानखुऱ्या, बारा वर्षांच्या घोड्याबरोबर त्याने चौथी नॅशनल जिंकली. स्वतः तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा. २००६ ला तबेला मुलाच्या हाती दिला, आणि एप्रिल २०११ ला मुलाने बॅलाब्रिग्ज घेऊन नॅशनल जिंकली. ते बघून जिंजर त्याच सप्टेंबरात, एक्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी गेला.

आणखी एक. १९७३ च्या सुमारास एंट्रीची जमीन बिल्डरला विकली गेली होती, मैदान राहणार की जाणार अशी स्थिती होती. त्या दहा वर्षांत लोकांचं या शर्यतीवरचं प्रेम टिकलं ते मुख्यतः रेड रममुळे, असं इथले जुने लोक सांगतात. १९८३ ला लोकवर्गणीही जमली आणि मैदान वाचलं.


कॅम्पातला | मंगळवार, रात्री १०:१५

ताई, धागा बाबांना वाचून दाखवला. त्यांना आता कमी दिसतं, त्यामुळे सावकाश, दोन बैठकांत. पाण्याचं ऐकून म्हणाले, बरोबर, आम्ही रपेटीनंतर वीस-वीस मिनिटं नळी धरून उभे राहायचो, पण नळीचं पाणी ते नळीचं पाणी. समुद्र मिळाला असता तर, असं म्हणून गप्प बसले. महालक्ष्मीला समुद्र हाकेवर, पण घोडा तिथे न्यायची सोय नव्हती.

आज त्यांना १९७७ ची शर्यत मोठ्या टीव्हीवर दाखवली. खुर्ची अगदी पडद्याजवळ ओढून बसले. दुसऱ्या फेरीत बीचर्सला पुढचा घोडा पडतो आणि रेड रम आघाडीवर येतो, तिथे मी ओरडलो. बाबांनी हात वर करून मला थांबवलं आणि म्हणाले, मागे घे.

मागे घेतली. पुन्हा पाहिली. पुन्हा मागे घ्यायला लावली. शेवट त्यांनी बघितलाच नाही, पंचवीस लांब्यांचं मीच सांगत होतो. त्यांचं लक्ष उडीनंतर पुढचे पाय जमिनीला लागतात तेवढ्यावर होतं. चार वेळा बघून झाल्यावर म्हणाले, "बघ, पाय टाकताना बिचकत नाही. बारा वर्षांचा आहे आणि बिचकत नाही." मग विचारलं, त्या पोराचं नाव काय म्हणालास? मी सांगितलं, बिली एलिसन. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं.